कराची किती भाकऱ्या?

कापडे गावचा हैबती अंतर मोजायचा ते भाकऱ्यांत. वाटेत एकदा शिदोरी सोडावी लागली की ती एका भाकरीची वाट. महाड एका भाकरीवर, मुंबई कितीतरी. आणि मुलगी द्यायची ती दोन भाकऱ्यांच्या आत, हा त्याचा कायदा. लेकीला ताप आला तर बापाला लगेच पोचता आलं पाहिजे, असं तो सोयरिकीच्या बैठकीत छाती फुगवून सांगायचा. पाहुणेही माना डोलवायचे.

१९३२ साली त्याच्या धाकट्या लेकीला, तुळसाला, स्थळ आलं ते नेमकं कराचीचं. मुलगा महिपत शेजारच्याच वाडीतला, पण नोकरी कराचीच्या बंदरात. होळीला तो गावी आला होता, आणि तेव्हापासून तुळसाचं कामात लक्ष नव्हतं. हे हैबतीला ठाऊक होतं, म्हणून तर तो जास्तच घाबरला होता. महिपतचा चुलता रावजी बोलणी करायला आला, तेव्हा त्याने नकार ठरवूनच पान पुढे केलं.

"रावजीदादा, कराची किती भाकऱ्या?"

रावजी मुंबईचं पाणी प्यालेला. तो म्हणाला, "यकसुद्धा नाय!"

"आगबोटीत मानसं काय उपाशी बसतात?"

"आगबोट सोडा हो. आता एरोप्लेन निघालाय. सकाळी कराचीत उडतो, दुपारी मुंबईत उतरतो. शिदोरी सोडाया टाईमच नाय. तुमच्या हिशेबानं कराचीवरनं मुंबई म्हंजे महाडापरीस जवळ!"

 माप हैबतीचंच, मोडायचं कसं? डोकं खाजवून त्याने विचारलं, "त्यात मानसं बसतात?"

रावजीला ठसका लागला. "सध्या टपाल नेतात."

"मग माझी लेक काय टपालाची पिशवी हाय?"

हैबती मांडीवर थाप मारून हसला. जिंकलाच होता तो. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली तुळसा दारात आली.

"बा, आवडीअक्का तुडील गावात दिलीस तू. दोन भाकऱ्या. तिचा पोरगा चालाया लागला. तू त्याला कधी बघितलास?"

हैबतीने आधी लावणी आठवली, मग झोडणी, मग गुडघा. सगळ्या सबबीच होत्या त्या. पाहुण्यादेखत पोरीने विचारलं याचा राग यायला हवा होता, पण त्याला लाज वाटली. "मागनं कळवतो," एवढंच तो रावजीला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने तुडीलची वाट धरली. महाडात मुक्काम करून तो पोचला, तेव्हा आवडी अंगणात भात वाळत घालत होती. लेक हसत धावत येईल, असं वाटेभर त्याच्या मनात होतं. तिने बापाला पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"बा! आय बरी हाय ना? खरं सांग, काय झालं?"

"कायपन नाय झालं गो. तुलाच बघाया आलो."

तिला खरं वाटेना. तिने पुन्हा तेच विचारलं. हैबती पायरीवर टेकला. नातवाला घ्यायला त्याने हात पुढे केले, तर पोर भोकाड पसरून आईच्या मागे लपलं. कोण कुठला हा म्हातारा!

"तुळसाला महिपताला द्यायची ठरवलीय," शेवटी तो म्हणाला. "कराचीला."

"येवढ्या लांब, बा?"

"लांब नाय गो," हैबती डोळे पुसत म्हणाला. "लांब तर तुडील हाय."