मधले कोंब

टिकलीने ओल्या दगडावर टाचा उंचावल्या, नेच्याच्या उंच झाडाच्या शेंड्यावरचा शेवटचा कोंबही विळ्याने कापला आणि टोपलीत टाकला. ओढ्याकाठच्या त्या घळीत भर दुपारीही ऊन चोरपावलांनीच यायचं. केसाळ, काळ्या खोडाचं ते झाड आता वरून बोडकं दिसत होतं.

ताप उतरून आठवडा झाला तरी आजोबा अन्नाला शिवत नव्हते. आई भरलेलं ताट तसंच परत नेई. काल मात्र ते पुटपुटले होते, “नेच्याचे कोंब असते तर...”

आईने कोंब उकडून, पाणी टाकून देऊन, मग परतले. आजोबांनी चार घास खाल्ले. पाचव्याला हात थांबला. बोटांत कोवळ्या कोंबाची नखाएवढी गुंडाळी होती.

“टिकले, हा मधला ना गं?”

तिने मान खाली घातली. बाहेरचे दोन आपले, मधले झाडाचे, हे आजोबांनीच शिकवलं होतं. तिला आणि आळीतल्या झाडून साऱ्या पोरांना.

“तुम्ही जेवतच नव्हता, म्हणून सगळेच आणले. झाड मेलं का हो?”

“मला काय विचारतेस? त्यालाच विचारू. काठी आण.”

“अहो बाबा, दारापर्यंत जाताना धाप लागते तुम्हाला!” आई म्हणाली.

“म्हणून तर काठी मागतोय, सूनबाई. घोडा कुठे मागितला?”

वाटेत तीनदा बसावं लागलं. झाडापाशी आजोबांनी टिकलीला दगडावर चढवलं आणि तिचं बोट धरून शेंड्यावरच्या तपकिरी लवीत खुपसलं.

“काय लागतं?”

“काहीच नाही.” तिचा आवाज रडवेला झाला.

“घाई नको. अजून आत.”

खोल, ओलसर लवीत वाटाण्याएवढं काहीतरी टणक लागलं. त्याच्या शेजारी आणखी एक.

“आहेत! आजोबा, आहेत!”

“झोपलेत. उठायला दोन-तीन महिने घेतील. तोवर कुणी खुडू नये म्हणून राखण करायला हवी.”

“कोण करणार?”

आजोबा खोडाला टेकून दम खात होते. त्यांनी वर, बोडक्या शेंड्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी ताट पुढे ओढलं. कोंबांची वाटी टिकलीकडे सरकवली.

“आमचं रोजचंच वाढ, सूनबाई. आणि थोडं जास्त. उद्या पुन्हा राखणीला घळीत उतरायचंय.”