पानाबाहेरचा मजकूर

नीलमचा नवरा घर सोडून गेला तेव्हा त्याने टीव्ही नेला, मिक्सर नेला, लग्नातलं कपाट टेम्पोत आडवं घालून नेलं. रेडियमचे स्टिकर कापायचं चार फुटी मशीन आणि त्याचा कॉम्प्युटर मात्र ठेवून गेला. ते उचलायला चार माणसं लागली असती, चौघांना चहा पाजावा लागला असता, आणि तो त्या स्वभावाचा नव्हता. शिरूरमध्ये यावर बरीच हळहळ झाली. हळहळायला येणाऱ्या बायका जाताना दारावर चिकटवायला एखादं फुकटचं फूल कापून घेऊन गेल्या.

हे दोन हजार दोन सालचं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत नीलमने दुकान उघडं ठेवलं. नंबरप्लेटी, ट्रकच्या काचेवरची नावं, ट्रॉलीच्या मागचे लाल-पिवळे पट्टे. अक्षरं टाईप करून कापणं तिला जमायचं. नक्षी काढणं जमत नव्हतं. एकदा तिने कुणाच्या जीपसाठी गरुड काढला होता; गिऱ्हाईक म्हणालं, कोंबडी झकास झालीय, पण मला गरुड हवा होता.

नक्षी यायची यवतहून. तिथे रखमाजी पेंटर होता. वाडवडील मेंढरं घेऊन चार जिल्हे फिरलेले. हा मात्र हायवेला गाळा घेऊन बसला तो पंधरा वर्षं हलला नाही. आधी ब्रशने ढाब्यांचे बोर्ड रंगवायचा. ब्रशचं काम संपत चाललंय हे ओळखून त्याने कॉम्प्युटर घेतला आणि उंदरासारखं ते यंत्र हातात धरून चित्रं काढायला शिकला. मशीन त्याच्याकडे नव्हतं. बायको लग्नानंतर आठ महिन्यांनी माहेरी गेली, ती आलीच नाही. त्याबद्दल त्याला कुणी विचारलं की तो बोर्डाची साईज विचारायचा.

दोघांचं काम असं चालायचं. पेंटर फ्लॉपीत चित्रं भरायचा, वर रबराने चिठ्ठी बांधायचा: लाल, दोन नग, मागची काच. सवाऱ्या भरणारा शंभू त्याची जीप यवत, चौफुला, न्हावरा करत शिरूरला आणायचा तेव्हा फ्लॉपी त्याच्या डॅशबोर्डवर असायची. नीलम ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, माल कापायची, आणि गुंडाळी व फ्लॉपी परतीच्या जीपने जायची.

मधली अडचण एकच होती. पेंटरचा चित्राचा प्रोग्राम वेगळा आणि नीलमच्या मशीनचा वेगळा. एकाची फाईल दुसऱ्याला उघडता येत नसे. पुण्याच्या मशीनवाल्याने तिला सीडीवर एक छोटा प्रोग्राम दिला होता. यवतच्या वीस फायली एका टोकाने आत ढकलायच्या, दुसऱ्या टोकाने वीस फायली मशीनच्या भाषेत बाहेर. मूळ फाईल उघडून बघायची सोयही नव्हती आणि गरजही. प्रोग्रामचा नियम साधा होता: पानाच्या चौकटीत जे असेल ते घ्यायचं, चौकटीबाहेरचं सोडायचं. सोडतो म्हणून तो सांगत नसे, आणि नीलमने कधी विचारलं नाही.

दोन वर्षांत दोघं फोनवर चार वेळा बोलले. तीनदा रंगावरून आणि एकदा राँग नंबर लागला म्हणून. भेट एकदाही नाही. ती त्याला पेंटर म्हणायची, तो तिला मॅडम.

दोन हजार चारच्या पावसाळ्यानंतर फ्लॉप्या बंद झाल्या. पहिला आठवडा नीलमने काही मनावर घेतलं नाही. दुसऱ्या आठवड्यात शंभूची जीप स्टँडवर आली की ती उगीच बाहेर येऊन पायरी झाडू लागली. पायरी इतकी स्वच्छ कधीच नव्हती. शेवटी तिने शंभूला विचारलंच. शंभूला अशा प्रश्नांची आवड होती. तो म्हणाला, पेंटरने स्वतःचं मशीन घेतलं, आता त्याला शिरूरची गरज नाही. मशीन आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुकान दोन दिवस बंद होतं, ताप आला म्हणे. मग सावकाश म्हणाला, "तुम्हाला सांगितलं न्हाई व्हय त्यानं? मला वाटलं, तुमचं बोलणं असंल."

नीलम म्हणाली, कामापुरतं होतं.

नक्षीवाचून दुकान चालणार नव्हतं. तिने शिक्रापूरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून चित्राचा प्रोग्राम टाकून घेतला, तोच, जो पेंटरकडे होता. शिकायचं कुणाकडून? यवतच्या सगळ्या मूळ फायली तिच्याकडे होत्याच. गरुड कसा काढतो ते बघावं म्हणून तिने एका दुपारी समोर आली ती फाईल उघडली.

प्रोग्रामने पान दाखवलं, आणि पानाच्या आजूबाजूची मोकळी जागाही. पानात एका गुऱ्हाळाचा बोर्ड होता. पानाच्या डाव्या बाजूला, बाहेर, बारीक राखाडी अक्षरांत लिहिलं होतं: "मागचा माल मिळाला. अक्षरं स्वच्छ कापली आहेत. आभार."

पेंटरची सवय अशी की फाईल पाठवताना सगळ्या अक्षरांची चित्रं करून टाकायची, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ती मोडत नाहीत. त्यामुळे दोन वर्षांनंतरही एक काना हलला नव्हता.

नीलमने दुसऱ्या फ्लॉपीची फाईल उघडली, मग तिसऱ्या. सगळ्यांत नव्हतं. पण बहुतेक फ्लॉप्यांच्या शेवटच्या फाईलला होतं. तिने शटर अर्धं खाली ओढलं. ब्याण्णव फ्लॉप्यांतून उतरवलेल्या फायली, चौसष्ट मजकूर.

"हे चिठ्ठीत लिहिलं असतं, पण चिठ्ठी चौफुल्यापर्यंत चौदा जण वाचतात. इथे तुमच्याशिवाय कोणी येत नाही."

"आज वारा होता. बोर्ड लावताना शिडी हलत होती. खाली धरायला कोणी नव्हतं, म्हणून गरज पडली तेव्हा मीच खाली उतरून धरून पाहिली."

"खानावळवाल्याने न विचारता दोन चपात्या कमी वाढल्या. पंधरा वर्षांनी का होईना, त्याला माझी भूक कळली असं वाटलं. नंतर समजलं, पीठ संपलं होतं."

"भावाने राहिलेली मेंढरं विकली. मेंढराच्या पाठीवर रंगाची खूण करायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. माझा पहिला बोर्ड तोच."

फोनवर ‘न्हाई’ म्हणणारा माणूस लिहिताना ‘नाही’ लिहीत होता. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. त्याला लिहायचं म्हणजे भिंतीवर चार माणसांत लिहिल्यासारखंच यायचं. नीलम वाचत गेली. चेहरा न पाहिलेल्या माणसाची चपाती, शिडी, दाढदुखी तिला कळत गेली. दाढदुखीच्या फाईलची तारीख बघून ती थांबली. तो आठवडा तिला आठवला. बहिणीच्या घरी बारसं होतं, आणि नवऱ्याने टाकलेली म्हणून तिला पाळण्यापाशी कोणी बोलावलं नव्हतं. परत येऊन ती दुकानात बसली होती आणि यवतच्या नंबरप्लेटी कापत होती. बोलणारं कोणी नाही म्हणून त्या दिवशी ती मशीनशी भांडली होती.

बाराव्या मजकुरात त्याने विचारलं होतं: "वाचत असाल तर गुंडाळीच्या कोपऱ्यात काहीतरी बारीक खूण करा. नाव नको."

तेराव्यात होतं: "चौकोन मिळाला."

नीलमला काही कळेना. तिने कसली खूण केली नव्हती. पुढे तिने वाचलं: "या वेळी चौकोन नव्हता. कामात असाल." पुढे: "दोन चौकोन होते. दोनदा वाचलंत का? त्या दिवसाचं मी जरा जास्तच लिहिलं होतं." मग तिच्या हातातला उंदीर थांबला.

मशीनचं पातं बदललं की मशीन आधी गुंडाळीच्या कडेला नखाएवढा एक चौकोन कापतं. पातं रेडियमपुरतंच चाललंय की खालचा कागदही फाडतंय ते बघायला. पातं नीट बसलं नाही तर पुन्हा दुसरा. मशीन नसलेल्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही. नीलमने घाईत ते चौकोन कडेला तसेच ठेवून माल गुंडाळला होता, आणि यवतला एक माणूस दोन वर्षं पातं बदलल्याची उत्तरं वाचत होता.

शेवटचा मजकूर असा होता: "मशीन येतंय. आता पाठवायला काही राहणार नाही. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण ऐकलंत. तेवढ्यावर बरे दिवस गेले."

शटर अर्धंच खाली होतं. बाहेर कुणीतरी नंबरप्लेटसाठी हाका मारून गेलं. नीलम रात्री उशिरापर्यंत हिशेब करत बसली. खरं सांगावं तर त्याची दोन वर्षं त्याच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल. न सांगावं तर तिने कधी केलंच नव्हतं ते तिच्या नावावर जमा राहील. आणि यातली एक गोष्ट तिला स्वतःशीही कबूल करवत नव्हती: तिचं ऐकणारं तर कुणीच नव्हतं, मशीनचा खोटा चौकोनसुद्धा नव्हता. शेवटी तिने ठरवलं, वाचत होते म्हणायचं. चौसष्ट मजकूर वाचून झाले होते. कुठलाही विचारला तरी सांगता आलं असतं. खोटं एवढंच होतं की ते एका दिवसात वाचले.

रविवारी ती शंभूच्या जीपमध्ये बसली. शंभूने पुढची सीट दिली आणि पारगावचा पूल ओलांडेपर्यंत तिच्याकडून काही निघतंय का ते चाचपडून पाहिलं. ती म्हणाली, उसाच्या ट्रॉल्यांचं काम बघायला चाललेय. त्यावर शंभूने रविवारी ट्रॉल्या कुठे उभ्या असतात याची यादीच दिली.

पेंटरचं दुकान हायवेला लागून होतं. तो पाठमोरा बसून चिमट्याने रेडियम सोलत होता. अंगाने किरकोळ, कानाजवळ पांढरा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. गिऱ्हाईक समजून त्याने साईज विचारली. नीलमने नाव सांगितलं. तो उठला, स्टूल पुसलं, पुन्हा पुसलं, आणि पाणी आणायला आत गेला. पाणी आणायला माणसाला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळाने आला.

नीलमने वाटेत पाठ केलेलं बोलून टाकलं. "पेंटर, मी वाचत होते. सगळं."

त्याने मान हलवली. तो मशीनपाशी गेला, कडेची कापून टाकलेली एक पट्टी उचलली आणि तिच्या हातात दिली. पट्टीवर नखाएवढा चौकोन होता.

"पहिल्याच दिशी काढला यानं," तो म्हणाला. "मी काय सांगितलं न्हाई, विचारलं न्हाई, तरी काढला. मशीन बसवायला आलेल्याला विचारलं, ह्ये काय? तो म्हनला, पातं बघतंय."

नीलमला पट्टीकडे बघवेना. दोन दिवसांचा ताप कसला होता ते तिला कळलं. हायवेवरून एकामागून एक ट्रक जात राहिले, आणि त्यातल्या निम्म्यांच्या काचेवर तिने कापलेली नि त्याने काढलेली अक्षरं असावीत.

मग तिने खरं सांगितलं. फायली बदलणारा प्रोग्राम पानाबाहेरचं घेतच नव्हता, मूळ फाईल उघडायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि गेल्या मंगळवारी दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत तिने चौसष्टच्या चौसष्ट वाचले. पेंटर ऐकत होता. आकडा ऐकून मात्र त्याने वर पाहिलं.

"चौसष्ट झालं व्हय," तो म्हणाला. "लईच झालं."

"त्यात नऊ प्रश्न होते," नीलम म्हणाली. "त्यांची उत्तरं द्यायला आलेय."

आणि तिने दिली. दुकानासमोर काय दिसतं, तर रसवंती, जी आठ महिने झाकलेली असते. चहा की कॉफी, तर चहा, आणि एकटीसाठी ठेवला की नेहमी दीड कप होतो. दाढेवर लवंग लागू पडते का, तर नाही, उपटावी लागते. मेंढरं विकली त्या आठवड्यात त्याने विचारलं होतं, आता घरचं असं काय उरलं; त्याला उत्तर नव्हतं. तिथे तिने बारशाचं सांगितलं, पाळण्याचं सांगितलं. हे तिने आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. पेंटरने विचारलं, मुलगी झाली का मुलगा. मुलगी, ती म्हणाली. नाव? अंकिता. चांगलं नाव आहे, तो म्हणाला, पाटीवर बसतं.

नऊ उत्तरांना अर्धा तासही लागला नाही. ते संपल्यावर दोघांकडे बोलायला काहीच उरलं नाही. दोन वर्षांचं साचलेलं इतक्यात उरकेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. त्याने तिला मशीन दाखवलं. तिने मशीनची स्तुती केली. मशीन स्तुती करण्यासारखं नव्हतं.

तो तिला जीपपर्यंत सोडायला आला. शंभू बोनेटला टेकून शेंगा खात होता आणि कुठेच बघत नसल्यासारखा त्यांच्याकडेच बघत होता.

"आता फ्लॉपी पाठवायला काम न्हाई," पेंटर म्हणाला.

"माझ्याकडे आहे. नक्षी मागायला गिऱ्हाईक येतं, मला काढता येत नाही."

त्याने यावर विचार केला. कामाच्या माणसासारखा केला. साईज, रंग, नग, सगळ्याचा.

"शंभूकडं द्या मग. चिठ्ठी बांधून."

"शंभूकडे नको," ती म्हणाली. "मी आणीन."

पेंटरने शर्टाच्या वरच्या बटणाला एकदा हात लावून पाहिला. नीलम जीपमध्ये चढून खिडकीशी बसली, तो बाहेर खिडकीपाशी उभा राहिला. शंभूची जीप चौदा माणसं भरल्याशिवाय सुटत नसे. आत नऊ होती.