खालून बघायची मूर्ती

तीस वर्षांत संघपालनं शहराला पानंफुलं लई दिली, पण चेहरा एकही नाही. कोर्टाच्या खांबांवरच्या वेली त्याच्या, बँकेच्या दारावरची कमळं त्याची, तीन चर्चच्या कमानींवरची द्राक्षंही त्याचीच. चेहरे करायला नेहमी बाहेरचा कारागीर यायचा, आणि संघपाल त्याच्या देवदूतांभोवती पानं कोरत बसायचा.

यंदा लासूर स्टेशनकडच्या एका गावातल्या चर्चनं दारावरच्या कोनाड्यासाठी मरियामाता त्यालाच सांगितली. चिकलठाण्याच्या शेडमध्ये आठ महिने छन्नी चालली. आज फादर आणि कमिटीचे आप्पासाहेब मूर्ती बघायला आले, आणि दोघांनी ती आधी समोरून, मग बाजूनं न्याहाळली.

"संघपाल," शेवटी आप्पासाहेब म्हणाले, "ही आमची माता हाय का कुणाची सासू?"

कपाळ पुढं आलेलं, डोळे वटारल्यासारखे, हनुवटी आत गेलेली. समोरून बघणाऱ्याचं चुकत नव्हतं.

"ही पंचवीस फुटांवर बसायची," संघपाल म्हणाला. "खालून बघितलं की कपाळ मागं पळतं, डोळे मिटल्यावानी दिसतात. म्हणून आधीच वाढवून ठेवलंय."

"आन् वर गेल्यावर बी सासूच दिसली तर?"

"कपाळ तेवढं तासून द्या," फादर हळूच म्हणाले. "नाहीतर चेहरा दुसऱ्याकडून करून घेऊ."

संघपालनं छन्नी उचलली, पुन्हा खाली ठेवली. तासलेला दगड परत येत नाही. आणि हा चेहरा हातचा गेला, तर साठीला टेकलेल्या माणसाला दुसरा कोण देणार?

तेवढ्यात एक खुळखुळा घरंगळत फादरच्या बुटाशी आला. संघपालची लेक विशाखा चहा टाकायला आत गेली होती. जाताना तिनं पाच महिन्यांच्या पोरीला मूर्तीच्या पायथ्याशी, झाडून घेतलेल्या जागेवर गोधडी टाकून निजवलं होतं. पोरगी वर बघून पाय झाडत होती, एकटीच हसत होती.

खुळखुळा द्यायला फादर उकिडवे बसले. ही बघते तरी काय, म्हणून त्यांनी मान वर केली. बराच वेळ खाली केली नाही.

"आप्पासाहेब, इथं या. खाली बसा."

"गुडघं दुखत्यात, फादर."

"बसा हो."

कण्हत, भिंतीला हात देत आप्पासाहेब टेकले. वर बघितलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ही तर लेकराकडं बघतीय," ते म्हणाले. "सासू कुठं गेली रे?"

"ती उभ्यानं बघणाऱ्याला दिसते, आप्पासाहेब."

चहा झाला. शनिवारी क्रेन आणायचं ठरवून दोघं गेले.

संघपालनं शेडचं दार लोटलं. आठ महिन्यांत तो स्वतः एकदाही खाली बसून बघायला धजला नव्हता. सगळं हाताच्या भरवशावर. गुडघे मोडत तो नातीशेजारी गोधडीवर आडवा झाला.

पोरीला पाजायची वेळ झाली म्हणून विशाखा आली, तर दोघं शेजारीशेजारी वर बघत पडलेले.

"बाबा," ती म्हणाली, "आधी कुणाला उचलू?"