मल्हाररावांची पारख

मल्हाररावांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि कडुबाच्या डाव्या कानशिलाकडून तो एकदम झटकला. कडुबाची पापणी लवली नाही. पुन्हा झटकला. तरी नाही.

"बघितलं का, अप्पाराव?" मल्हारराव म्हणाले. "शंभर मेंढ्यांत असा एक निघत नाय."

"मेंढ्यांचं राहू द्या. मुंबईत चालंल का, ते सांगा."

"चालंल म्हणजे? पळंल. माझा शब्द आहे."

चिकलठाण्याच्या निम्म्या कारखान्यांना अप्पाराव माणसं पुरवायचा. मुंबईत पैसे लावून बॉक्सिंगच्या लढती होतात, तिथं आपली पोरं उतरवायची, हा त्याचा नवा नाद. कडुबा त्याच्याच ठेक्यावर पत्रा कापायचं प्रेस मशीन चालवायचा. जालना आणि नाशिक, दोन्हीकडे त्यानं समोरच्याला झोपवलं होतं. आता मुंबईचा खरा गडी समोर येणार होता, आणि अप्पारावाला पारख हवी होती. ती करायला मल्हाररावांपेक्षा लायक माणूस मुकुंदवाडीत नव्हता. फौजेत असताना ते पलटणीकडून खेळले होते. चपटं नाक त्याची साक्ष द्यायला अजून जागेवर होतं. आता कडुबाच्याच कारखान्याच्या गेटवर ते वॉचमन होते, आणि स्टेशनामागच्या लिंबाला वाळूची गोणी टांगून कडुबाला शिकवत होते.

पण फौजेच्या आधी मल्हारराव धनगराचे पोर होते. टकरीचा मेंढा निवडताना त्यांचे वडील घोंगडीचं टोक त्याच्या डोळ्याजवळ झटकायचे. पापणी मिटली तर मेंढा कळपात परत. नाही मिटली तर त्याला हरभऱ्याचा खुराक सुरू. फौजेनं त्यांना पुष्कळ शिकवलं, पण ही परीक्षा काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. कडुबा डावीकडचा ठोसा चुकवायचा नाही, खायचा, आणि खाऊन उभा राहायचा. मल्हाररावांना त्याचंच कौतुक. कोणी विचारो न विचारो, गेटवर येईल त्याला ते सांगायचे.

लढतीला कडुबा निघणार, त्याच्या आदल्या दिवशी ते पेढे घेऊन त्याच्या घरी गेले. कडुबा जेवत होता. ते त्याच्या डाव्या बाजूला टेकले आणि पेढा पुढे केला. कडुबा भाकरी मोडत राहिला. मल्हाररावांचा हात तसाच अधांतरी राहिला. पोराला गर्व झाला की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

कडुबाची आई साळूबाई चुलीपासून उठली. तिनं त्यांचं मनगट धरलं आणि हात उजवीकडे नेला.

"ह्या अंगानं द्या, दादा."

कडुबा दचकला. पेढा घेतला नाही. मल्हाररावांनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डावं बुबुळ काळंभोर, साजरं. वरून काही कळत नव्हतं. त्यांनी बोट फिरवलं. बुबुळ बोटामागे गेलं नाही.

"कधीपासून?"

"नामांतराच्या टायमाला गाव पेटलं, तवा," कडुबा म्हणाला. "दगड बसला."

"दवाखाना?"

"कुठला दवाखाना, वस्ताद? आमी उसात लपून बसलो व्हतो."

मल्हाररावांनी हनुवटी सोडली. ठोसा न चुकवणारं ते धैर्य, ती न लवणारी पापणी. पोराला ठोसा दिसतच नव्हता, आणि आपण त्याला सोनं म्हणून विकायला काढलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"उद्या जायचं नाय," ते म्हणाले.

"एका डोळ्यानं दोन जितलो ना?"

"आन् तो एक गेला तर?"

"वस्तीतले लोक मला मोर्चात पुढं चालवत्यात, वस्ताद. म्हणत्यात, आपला पोरगा कुणाला भीत नाय. आता कसा मागं फिरू?"

साळूबाई मध्ये पडली. "तो माझं ऐकत नाय, दादा. तुमीच नाय म्हणा. पर डोळ्याचं ठेकेदाराला कळू देऊ नका. आंधळ्याला कोण मशीनवर ठेवंल?"

प्रेसवर ठेवणंही धोक्याचंच होतं. पण त्या मशीनवर घर चालत होतं. मल्हारराव पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवून उठले.

सकाळी अप्पारावाच्या ऑफिसात ते पोचले तेव्हा कडुबा पिशवी घेऊन दारात उभा होता. वस्ताद आपल्याला निरोप द्यायला आले, असंच त्याला वाटलं असणार.

"अप्पाराव, पोराला नेऊ नका," मल्हारराव म्हणाले.

"का? तुमीच शब्द दिला ना?"

"परत घेतो."

"अहो, पण कारण?"

रात्रभर शोधूनही त्यांना दुसरं कारण सापडलं नव्हतं. दम कमी म्हणावं तर अप्पारावानं स्वतः दम पाहिला होता. आजारी म्हणावं तर पुढच्या महिन्यात नेला असता.

"भितो," मल्हारराव म्हणाले. "काल माझ्यापाशी रडला. आतून भित्रा आहे."

अप्पारावानं कडुबाला वरून खाली न्याहाळलं आणि हसला. "मला वाटलंच व्हतं. ह्या लोकांचं सगळं बळ घोषणा देण्यात. खरं का नाय, मल्हारराव?"

कडुबानं एका शब्दात सगळं खोटं पाडलं असतं. पण तो शब्द त्याला मशीनवरून उतरवणारा होता. तो नुसता मल्हाररावांकडे पाहत राहिला, आपले वस्ताद निदान याला तरी नाही म्हणतील म्हणून.

"खरं," मल्हारराव म्हणाले.

दुपारपर्यंत ती गोष्ट कारखानाभर झाली, संध्याकाळपर्यंत वस्तीत पोचली. पुढच्या मोर्चात कडुबा दिसला नाही. लिंबाखाली तो पुन्हा आला नाही. साळूबाई एकदा बाजारात भेटली, हात जोडावेत तशी थांबली, आणि मुलगा सोबत आहे हे आठवून पुढे गेली.

मल्हाररावांची खुर्ची गेटच्या अशा बाजूला होती, की पाळीला येणाऱ्या माणसांच्या ती डाव्या हाताला पडायची. तिथं बसून राहिले असते तर कडुबाला ते दिसलेही नसते. त्यांनी खुर्ची उचलून पलीकडे नेली. सुपरवायझरनं विचारलं, तर म्हणाले, इकडं सावली आहे. सावली नव्हती.

रोज भोंगा झाला की ते उठून उभे राहतात. कडुबा येतो, उजव्या डोळ्यानं त्यांना नीट पाहतो, आणि रामराम न करता आत जातो.