नवा गॅस, जुना कॉम्प्रेसर

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्रेसर आहे. महाडच्या रमजानभाईंच्या भाड्याच्या गाडीत इंजिनाशेजारी राहतो. गॅस दाबून पाइपांतून फिरवायचा आणि आतल्या माणसांना गारवा द्यायचा, हे माझं काम. १९९३ साली मला बसवलं, तेव्हा काचा बंद करून चाललेली गाडी बघायला लोक थांबत.

पुढे माझा जुना गॅस मिळेनासा झाला. आकाशातल्या ओझोनच्या थराला तो मारक होता. २००३च्या एप्रिलमध्ये एका मेकॅनिकने घाईत नवा गॅस तसाच भरला. माझ्या जुन्या तेलाचं आणि त्याचं जमेना. तेल पाइपांतच अडकलं, मी कोरडा पडलो आणि कशेडी घाटात करकरू लागलो. रमजानभाईंनी लगेच एसी बंद केला.

"भंगारात द्या," मेकॅनिक म्हणाला.

पण कुडपणच्या रंगूबाईंना माझी गरज होती. स्टोव्हच्या भडक्यात त्या भाजल्या होत्या. नव्याने लावलेल्या कातडीला घाम येत नसे. उन्हात अंग तापून त्या बेशुद्ध पडत. आणि पुढच्या उपचारासाठी मेमध्ये आमच्याच गाडीने मुंबईला जायचंच होतं.

रमजानभाईंची मुलगी मासूमा बिरवाडीत फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान चालवायची. तिने मला खोलून हाताने फिरवून पाहिलं.

"अब्बा, हा अजून मेला नाय."

"चार दिवसांनी मुंबईला निघायचंय. तोवर होईल?"

"करायलाच पायजे."

तिने जुनं तेल थेंबन् थेंब काढलं, पाइप धुतले, नव्या गॅसला चालणारं तेल भरलं. रबरी रिंगा आणि ओलावा शोषणारी बाटली बदलली. तरी गॅस झिरपलाच. साबणाचा फेस लावून तिने गळती शोधली आणि जुनी रबरी नळीही बदलली. नव्या गॅसचा दाब मला जड जात होता. पण थांबायचं नाही, असं मी ठरवलं.

ठरल्या दिवशी आम्ही मुंबईला निघालो, मासूमाही सोबत आली. भर दुपारी वडखळ नाक्याला गाडी तासभर अडकली. वारा नाही, दाब वाढत चाललेला. माझा पट्टा किंचाळू लागला. मागे रंगूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मासूमा कळशी घेऊन उतरली आणि गाडीच्या पुढच्या, गॅस निववणाऱ्या जाळीवर पाणी ओतत राहिली. दाब उतरला. मी पुन्हा जोर धरला.

"मासूमा गो, गार लागतंय," रंगूबाई म्हणाल्या. "आता पोचते मी."

इस्पितळाच्या पायऱ्या त्या स्वतः चढून गेल्या.

मित्रांनो, जुन्या यंत्राला नवं काम जरूर द्या. पण त्यासाठी लागणारं तेल, रिंगा आणि थोडा वेळही द्या. शिकायला आम्ही कधीच नाही म्हणत नाही.