पेटीवरची काठी

आमच्या मुआरमध्ये लेक आईच्या आधी गेला, तर आईने त्याच्या शवपेटीवर काठी मारायची असते. आईला मागे टाकून जाणं हा गुन्हा. त्याची शिक्षा इथेच झाली की खालच्या लोकातले न्यायाधीश त्याला सोडतात. नाही झाली, तर तिकडे चाबूक बसतात. पुरोहित मला हे समजावून सांगत होता, जणू मी कालच मुआरला राहायला आले.

"मी नाही मारणार," मी म्हटलं.

माझा सिउ हॉक लहान असताना मी रबराच्या झाडांना काप देऊन चीक गोळा करायची. चिकात ऍसिड ओतलं की हा परातीला नाक लावून बसायचा.

"मा, आता का गोठला? मघाशी का नाही?"

"मी सांगितलं म्हणून."

त्याला ते पटलं नाही. तेच शिकायला तो क्वालालंपूरला गेला आणि पुढे क्लांगजवळच्या हातमोज्यांच्या कारखान्यात लागला. रबरी मोजे घालून नर्सबायांच्या हातांना पुरळ यायचं. चिकातलं नेमकं काय खाजवतं आणि ते धुऊन कसं काढायचं, हे शोधण्यात याची उमर गेली. स्वतःच्या हातांची सालटं निघालेली असायची. नवा मोजा झाला की घेऊन यायचा, माझ्या हातात चढवायचा.

"मा, खाजतंय?"

"खाजवायला वेळ कुठाय मला?"

एकदाचा जमला तो मोजा. बक्षीस म्हणून त्याला प्रयोगशाळेतून उचलून वर बसवलं. गाडी, ड्रायव्हर, गळ्यात टाय. मीही मिरवलं, का नाही मिरवायचं? मग मोज्यांचे भाव पडले आणि मालकाने ठरवलं, प्रयोगशाळा बंद. साहेब हा, म्हणून सही याची. हाताखाली शिकवून तयार केलेल्या एकेकाला त्याने खोलीत बोलावून स्वतः सांगितलं.

त्यानंतर तो दर रविवारी यायचा. मी पानात भाजलेलं माशाचं ओटाक-ओटाक उलगडायचासुद्धा नाही, तसंच गार व्हायचं.

"काय रे, हल्ली शोधतोस काय?"

"काही नाही, मा. मीटिंगला बसतो."

तसाच एका मीटिंगमध्ये बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, ते तर प्रयोगशाळेला कुलूप लागलं तेव्हाच गेलं होतं.

मालक, दातुक चिन, मांडवात माझ्याशेजारी येऊन बसले. "मावशी, सिउ हॉक म्हणजे आमच्या कंपनीचा खांब होता."

"खांब काढला तरी तुमचं छप्पर बरं उभंय, दातुक."

त्यांनी चहाचा पेला उचलून तोंडाला लावला. रिकामा होता.

पेटी उचलायची वेळ झाली. सून बी लियान माझ्या पायाशी बसली. "मा, मारा ना. नाहीतर तिकडे त्यांचे हाल होतील."

"त्याने गुन्हा काय केला, सांग."

"काहीच नाही. पण तिकडे तुम्हाला कोण विचारणार, मा?"

खरंच, तिकडे मला कोण विचारणार? लहानपणी एकदा त्याने चिकाची खोली पेटवून दिली होती तेव्हाही मी त्याच्या अंगाला हात लावला नव्हता. मी उठले, काठी घेतली आणि पेटीला नुसती टेकवली.

"जोरात, आजी," पुरोहित हळूच म्हणाला. "खाली ऐकू गेलं पाहिजे."

आयुष्यभर दुसऱ्यांनीच त्याला कामाला लावलं, वर बसवलं, सह्या करायला लावल्या. आता मेल्यावरही परक्याच कुणी त्याच्यावर हात उगारायचा? माझ्या लेकाला मारायचं तर मी मारीन. तिकडच्यांसाठी काही शिल्लक ठेवणार नाही.

मी काठी हाणली. पुन्हा हाणली. पेटीच्या रंगाचा टवका उडाला. "न विचारता निघालास," मी म्हणत होते, "मला न विचारता." बी लियानने मागून कवेत धरलं तेव्हा कुठे थांबले.

आईने प्रेतामागे जायचं नसतं. शेजारणींनी मला आत नेलं आणि भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं. बाहेर झांजा वाजू लागल्या, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आल्या, मग मोठ्या रस्त्याच्या आवाजात मिसळल्या. एकीने माझ्या हातातली काठी सोडवून घ्यायला बघितलं. मी म्हटलं, राहू दे थोडा वेळ.