तात्यासाहेबांना 'उतरा' कोण म्हणणार?

माझ्या हातची गाडी तीस वर्षांत एकदाच वाकडी चालली, आणि दोष बोल्टांचा नव्हता.

साल अठ्ठेचाळीस. ग्वाल्हेर, इंदूर एक होऊन मध्यभारत झाला होता. दरबारच्या मोटरखान्यातल्या आम्हा मिस्त्रींना कागद आला की परीक्षा द्या. पास झालात तर नव्या सरकारच्या नोकरीत, नाहीतर घरी. परीक्षा म्हणजे एका जुन्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या, चाकांची अलाइनमेंट करायची, आणि मग इंदूरहून आलेल्या साहेबांनी ती मुरारच्या रस्त्यावर चालवून बघायची. सरळ गेली की पास. घरात पाच खाणारी तोंडं, आणि मला पाना फिरवण्यापलीकडे काही येत नाही. रात्रभर मी कूस बदलत होतो.

माझ्या वाट्याला दरबारचे सरदार तात्यासाहेब यांची गाडी आली. त्यांची म्हणजे दरबारानं वापरायला दिलेली. परीक्षा झाली की ती सरकारजमा व्हायची होती. सकाळी आठला ती आली तेव्हा तात्यासाहेब पुढे ड्रायव्हरच्या डावीकडे बसले होते, कारण मागची सीट उंदरांनी खाल्ली होती. ड्रायव्हर गाडी लावून निघून गेला. तात्यासाहेब बसूनच राहिले.

आता आमची पंचाईत ऐका. माझे पणजोबा त्यांच्या पणजोबांच्या घोड्यामागे धावायचे. तेव्हापासून त्यांच्या घरच्या माणसाला 'बसा' म्हणायची आम्हाला मुभा. 'उतरा' म्हणायची नाही. मी तीनदा खाकरलो.

"बळवंता, सर्दी झाली का रे?" तात्यासाहेबांनी विचारलं.

झालं. गाडी जॅकवर चढवली, तात्यासाहेबांसकट. वर गेल्यावर त्यांना भिंतीपलीकडचं दिसायला लागलं, आणि कोणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय ते मला गाडीखाली कळायला लागलं. दहाला न्हावी आला. त्यानं स्टुलावर उभं राहून खिडकीतून त्यांची दाढी केली. दुपारी विजयाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, डबा पाठवला. जेवणानंतर मात्र तात्यासाहेबांनी पाणी प्यायचं बंद केलं. मी कारण विचारलं नाही.

जुने बोल्ट काढले तर ताण खाऊन खाऊन मधोमध बारीक झालेले. असले बोल्ट परत घालणारा मिस्त्री आणि दुधात पाणी घालणारा गवळी, दोघांनाही मी दारात उभं करत नाही.

"एक इकडे दे," तात्यासाहेब म्हणाले. मी दिला. त्यांनी तो रुमालानं पुसून कोटाच्या खिशात टाकला.

नवे बोल्ट घातले, पण अर्धेच आवळले. पक्के आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकवून, स्प्रिंगांवर वजन आल्यावर. मग गाडी खाली टेकवून बोल्ट पक्के केले, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली, पुढची चाकं जोडणारा टाय रॉड फिरवला, आणि दोन्ही चाकं समोरून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत घेतली. काम असं झालं की मीच माझ्यावर खूश झालो.

चारला कृष्णराव आले, तेच इंदूरचे साहेब. किडकिडीत अंग, हातात वही. तात्यासाहेबांना बघून त्यांनी नमस्कार केला, शेजारी बसून गाडी काढली आणि मुरारच्या रस्त्यावर स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडले. मी सायकलवर मागे होतो. गाडी बाणासारखी सरळ.

"वा! बिलकुल सीधी!" परत आल्यावर कृष्णराव म्हणाले. "आता एकदा रिकामी चालवतो, की झालं."

रिकामी! तात्यासाहेब तीन मणांचे. गाडी खाली टेकली तेव्हापासून डावी स्प्रिंग त्यांच्याखाली दबलेली, आणि मी सगळं माप तिच्यावर घेतलेलं. ते उतरले की डावी बाजू वर येणार आणि गाडी उजवीकडे ओढणार. अलाइनमेंट मी गाडीची केलीच नव्हती. तात्यासाहेबांची केली होती.

"साहेब," मी हात जोडून खरं ते सांगून टाकलं, "अर्धा तास द्या."

कृष्णराव पोट धरून हसले. "दिला. पण ह्यांना तुम्ही उतरवायचं. मी परका माणूस."

मी दारापाशी गेलो. डोळ्यांसमोर एकीकडे पणजोबा आणि दुसरीकडे घरातली पाच तोंडं. शेवटी डोळे घट्ट मिटले आणि म्हणालो, "तात्यासाहेब... उतरा."

डोळे उघडले तर ते माझ्याकडेच बघत होते.

"सकाळपासून वाट बघतोय रे गाढवा," ते म्हणाले. "पाय आखडलेत, पोट फुटायला आलंय."

"मग आपण आपले उतरला का नाहीत?"

"उतरलो असतो. पण एकदा उतरलो की ह्या गाडीत परत 'बसा' म्हणणारं कोण आहे?" त्यांनी खिशातला बोल्ट काढून दाखवला. "हा तर सरकारजमा होणार नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. मला फार वाईट वाटलं.

मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले आणि त्या वयात शोभणार नाही एवढ्या वेगानं भिंतीमागे गेले.

अर्ध्या तासात मी माप रिकाम्या गाडीवर नव्यानं घेतलं. कृष्णरावांनी चक्कर मारली, वहीत सही केली. मला नोकरी लागली. गाडी उद्या सकाळी दहाला जमा करा म्हणाले.

तात्यासाहेब टांगा बघत रस्त्यावर उभे होते. मी गाडी त्यांच्यापुढे आणली, खाली उतरून डावं दार उघडलं आणि म्हणालो, "बसा."

त्यांचं घर कंपू मोहल्ल्यात. गाडी सगळी वाट डावीकडे ओढत होती.

"बळवंता, वाकडी चालते रे."

"चालू द्या," म्हणालो, आणि सराफा बाजारावरून लांबच्या रस्त्यानं घेतली.